मुळाशी माझा मासा, टोकाला तुमचा

नाना,

तुमच्या तेराव्याला मी जेवले नाही. काकूंना वाटलं, पोरीला घास उतरत नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्या बाईला हळूच सांगितलं की शुभाचा लई जीव हुता त्यांच्यावर. मी मान खाली घालून बसले. खरं सांगायचं तर मला रडू येतच नव्हतं. मला तुमचा राग आला होता, आणि असा की तुम्ही समोर असतात तर भर पंगतीत तुमच्याशी भांडले असते.

झालं असं, की पानं मांडायच्या आधी काकूंनी मला तुमच्या शेडमधून सतरंज्या आणायला पाठवलं. सतरंज्या लोखंडी कपाटाच्या मागे उभ्या करून ठेवलेल्या. त्या ओढताना कपाट हाललं आणि मागच्या भिंतीतला एक खिळा दिसला. सात वर्षं दर शनिवारी मी त्या शेडमध्ये येत होते, कुठला पटाशी-रंधा कुठे असतो ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं, पण तो खिळा मी कधी पाहिला नव्हता. खिळ्याला विमानाचे पंख कापायचे सनमायकाचे दोन फर्मे तारेत ओवून टांगलेले. एक माझा. त्यावर मार्करनं माझ्याच अक्षरात ‘टोक’ लिहिलेलं. दुसरा तुमच्या हातचा, कडा कानशीनं गुळगुळीत केलेला, आणि त्यावर तुमच्या पेन्सिलीचं ठळक अक्षर: ‘शुभाचं टोक. हाच लावायचा.’

तुमच्या फर्म्याची कड गरम तारेनं तपकिरी झाली होती. माझ्या फर्म्यावर तारेचा एकही डाग नव्हता. तो कोरा करकरीत होता, मी सहा वर्षांपूर्वी तुमच्या हातात दिला तसाच.

मी सतरंज्या नेऊन दिल्या. फर्मे पर्समध्ये टाकले. पानावर बसले आणि जेवले नाही.

आता यातलं काही तुम्हाला सांगायची गरज नाही, केलं ते तुम्हीच केलंत. पण मला हे पहिल्यापासून मांडल्याशिवाय चैन पडायची नाही. शिवाय मधे बोलून मला तोडायला तुम्ही नाही आहात. ती सोय पहिल्यांदाच झाली आहे.

जालन्याहून मी हिंजवडीत नोकरीला आले तेव्हा महाळुंग्यात आमची एकच इमारत उभी होती, चारी बाजूंना ज्वारी. शिक्षण मेकॅनिकलचं, काम दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. एका शनिवारी स्कूटी घेऊन नांदे-चांद्याच्या बाजूला उगाच भटकत होते, तर कापलेल्या शेतावर एक छोटं विमान उलटं होऊन, पाठ जमिनीकडे करून, सरळ रेषेत चाललेलं. मी स्कूटी रस्त्यातच सोडली. बांधावर कंपनीचा जुना खाकी शर्ट आणि पायजमा घातलेला एक म्हातारा हातात रिमोट घेऊन उभा होता. ते तुम्ही. फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांचे लाकडी पॅटर्न बनवण्यात तुमची तीस वर्षं गेली होती, घर चांद्यातलं, जात सुताराची आणि तोंड फटकळ. मी कॉलेजात विमानं केली होती म्हणून सांगितलं, तर पहिलाच प्रश्न विचारलात की पंखाचा आकार कुठला घेतला होता. मी नाव सांगितलं. “मग पडलं आसंल,” तुम्ही म्हणालात. पडलंच होतं.

पंख सुरीनं आडवा कापला तर जो आकार दिसेल, त्याला पुस्तकात एअरफॉइल म्हणतात. मी पहिल्यांदा त्याचा कागद दाखवला तेव्हा तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, मासाच हाय की ह्यो. तेव्हापासून आपल्यात तो मासाच झाला. आणि पहिलं वर्षभर आपण त्या माशावरून भांडलो.

कसरतीच्या विमानाला पोट आणि पाठ सारखी असलेला मासा लागतो, कारण ते सुलटं जितकं उडतं तितकंच उलटं. इथवर आपलं एकमत. पुढे वाद. मला बारीक मासा हवा होता, रुंदीच्या बारा टक्के जाडीचा, टोकदार नाकाचा, हवेतून सुळकन जाणारा. तुम्हाला जाड हवा होता, बसक्या नाकाचा. तुमचं म्हणणं, टोकदार नाकाचा पंख हवेला धरतो तोवर चांगलं धरतो, पण सोडतो तेव्हा न सांगता सोडतो. विमान मंद झालं, नाक जरा वर राहिलं, की आधी पंखाचं एक टोक पडतं आणि विमान त्या कुशीवर कोलमडतं. उंच असलं तर सावरता येतं, जमिनीजवळ असलं तर वेचायला पिशवी न्यावी लागते. मी ऑफिसातून आलेख छापून आणले. तुम्ही चष्मा लावून, रेषेवर बोट ठेवत ते नीट पाहिलेत.

“कागदावर वारं नसतं, पोरी,” एवढंच म्हणालात.

मला काय आनंद झाला होता, नाना. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. ऑफिसात माझ्याशी कुणी भांडत नसे. मीटिंगमध्ये मी काही बोलले की सगळे माना डोलवायचे, छान मुद्दा आहे म्हणायचे, आणि मग स्वतःला हवं तेच करायचे. घरी बाबा, तू म्हणशील तसं बेटा, म्हणून फोन ठेवायचे आणि पुढच्या रविवारी परस्पर एखाद्या मुलाकडच्यांना बोलावून बसायचे. मला समजुतीनं घेणारी माणसं पावलोपावली होती. चुकतीयास तू, असं तोंडावर सांगणारे तुम्ही एकटे. मी शनिवारी विमानं उडवायला येत होते हे खरंच, पण त्याहून जास्त त्या दोन शब्दांसाठी येत होते.

माझं पहिलं विमान तुम्ही म्हणालात तसंच पडलं. उतरायला आलं, बांधाच्या जरा वर असताना मी नाक उचललं, डावं टोक गेलं आणि सगळं विमान बांधावर आडवं. तुम्ही तुकडे गोळा करू लागलात. मी मात्र वारा फिरला, इंजिन बंद पडलं, काय वाटेल ते सांगत सुटले. पडले तरी नाक वर. त्यानंतर दोन महिने मी चांद्याकडे फिरकले नाही. फोन उचलला नाही. लाज वाटत होती आणि तिचा राग तुमच्यावर काढत होते.

परत आले ती नवीन कागद घेऊन. मासा तोच, बारा टक्क्यांचा, पाठीच्या रेषेत थोडी दुरुस्ती. मुळाचा एक फर्मा, टोकाचा एक. भांडायची पूर्ण तयारी करून आले होते. तुम्ही कागद पाहिला, फर्मे हातात घेतले, काकूंना चहा टाकायला सांगितलात आणि म्हणालात, “बरं. तुजाच मासा घिऊ.”

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चहात साखर किती यावर काकूंशी रोज वाद घालणारा माणूस, दोन महिन्यांत त्याला कुठून एवढी समज आली? पण जिंकलेल्या माणसाला शंका येत नाही.

पंख कापायची आपली रीत आठवते? आठवायला काय, तुमचीच ती. थर्माकोलचा लांब ठोकळा टेबलावर ठेवायचा, एका बाजूला मुळाचा फर्मा, दुसऱ्या बाजूला टोकाचा. तापलेली तार धनुष्याला ताणलेली. एका टोकाला मी, एका टोकाला तुम्ही. मुळाशी पंख रुंद, टोकाशी अरुंद, म्हणून दोघांनी एकाच वेळी निघून एकाच वेळी पोचायचं तर हात जुळावे लागतात. दोन्ही फर्म्यांवर एक ते दहा खुणा. तुम्ही आकडा म्हणायचात आणि दोघांची तार त्या खुणेवर यायची. एक. दोन. तीन. तुमचा आवाज तेवढ्यापुरता मऊ व्हायचा. मला ते आकडे इतके आवडायचे की ऑफिसात जिना चढतानाही मी ते मनात म्हणायचे.

मी कायम मुळाशी असायचे आणि तुम्ही कायम टोकाशी. मी येण्याआधी तुम्ही टोकाचा फर्मा टाचण्यांनी बसवून ठेवलेला असायचा. मधे अडीच फुटांचा थर्माकोल. कापून झालं की मी माझा फर्मा मुळाला लावून पाहायचे, चोख बसायचा, मी फुलून जायचे. टोक पाहायला जाईपर्यंत तुम्ही त्यावर बाल्साच्या हलक्या लाकडाचा ठोकळा चिकटवूनही टाकलेला असायचा. वाळायला येळ लागतुया, म्हणायचात. केसानं गळा कापणं म्हणतात, तुम्ही तारेनं कापलात, आणि वर आकडे म्हणत.

ते विमान पडलं नाही. ते धरून आपण पाच विमानांचे पंख कापले, त्यातलं एकही तसं पडलं नाही. चांद्यातल्या शेतांना प्लॉटची कुंपणं पडली तेव्हा आपण उडवायला रिह्याला जाऊ लागलो. पुण्याच्या पलीकडे भरलेल्या स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला. बक्षीस घेताना त्यांनी माइक हातात दिला आणि मी चांगली पाच मिनिटं बोलले, की लोक बारीक माशाला उगाच भितात, मी मुळापासून टोकापर्यंत एकच मासा वापरते, आणि माझे गुरू स्वतः याच्या विरोधात होते, त्यांनाही आता पटलंय. तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतात. मी तो चेहरा रोज आठवून पाहते, नाना. त्यात काही लपवल्याची खूण सापडत नाही. तुम्ही खरोखरच खूश दिसत होतात. हेच मला सहन होत नाही.

इथवरचं एकवेळ मी गिळलं असतं. माझी फजिती झाली, झाली. दोन दिवस फुगून बसले असते, मग हसलेही असते. पण सोपानदादाचं काय?

रिह्याच्या खोऱ्यात सोपानची भाताची खाचरं. भात काढल्यावर त्यानं आपल्यासाठी दोन खाचरांमधला बांध फोडून, रोलर फिरवून पट्टी करून दिली होती. चाळिशीला आलेला, शांत माणूस. पहिलं वर्ष नुसता बांधावर बसून पाहायचा. मग तुम्ही त्याला शिकवणीच्या विमानावर धरलंत आणि दुसऱ्या महिन्यात तो तुमच्यापेक्षा सफाईनं उतरवू लागला. त्याला कसरतीचं विमान हवं होतं. सगळा पावसाळा लावणी-बेणणीतून वेळ काढून त्यानं त्याचं धड बनवलं. आणि पंख मी देते म्हणून मी मधे पडले. घरी नवीन फर्मे कापले, मुळाचा आणि टोकाचा, आणि सोपानच्या अंगणात ठोकळा मांडला. तुमचा गुडघा सुजला होता. या वेळी मी आणि दादा कापतो, तुम्ही खुर्चीवर बसा, असं मी ऐटीत सांगितलं. मी मुळाशी, सोपान टोकाशी. आकडेसुद्धा मीच म्हणाले.

तुम्ही खुर्चीतून एकदा म्हणालात, “टोकाला जरा जाड घ्या.” मी म्हटलं, तो वाद संपलाय नाना. पंख तयार झाल्यावर तुम्ही तो मांडीवर घेतला आणि टोकाच्या नाकावरून अंगठा फिरवत बराच वेळ बसून राहिलात. तोंड उघडलंत. मी तुमच्याकडेच पाहत होते. आणि तुम्ही सोपानच्या बायकोला पाणी मागितलंत.

पुढच्या शनिवारी ते विमान पडलं. वर छान उडालं, दोन गिरक्या घेतल्या, सोपानच्या घरची सगळी माणसं बांधावर उभी. उतरायला आलं, वेग कमी झाला, उजवं टोक गेलं, आणि त्याच्या चार महिन्यांच्या कामाचा चुराडा झाला. बरोबर माझ्या पहिल्या विमानासारखं. तो रिमोट हातात धरून उभा राहिला. आणि मी, सगळ्यांच्या देखत, म्हणाले, “दादा, तुमचा हात जड आहे. हा पंख नाजूक हाताला आहे. माझी पाच विमानं याच पंखावर उडतात.”

तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, नाना. तुम्हाला ठाऊक होतं. माझी पाच विमानं कुठल्या पंखावर उडतात हे पृथ्वीवर एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही खाली वाकून तुकडे वेचू लागलात.

सोपाननं त्यानंतर रिमोट हातात घेतला नाही. खाचर देत राहिला, पट्टी साफ करून ठेवत राहिला, चहा पाठवत राहिला. शेताची कामं वाढली म्हणायचा. मी खुशाल विश्वास ठेवला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. माझं विमान टेबलावर घेतलं आणि टोकाचा बाल्साचा ठोकळा करवतीनं कापून काढला. अजून मनात वाटत होतं की फर्मा नुसताच केलेला असेल, वापरला नसेल, तपकिरी डाग दुसऱ्या कशाचे असतील. ठोकळा निघाला. माझा कोरा फर्मा उघड्या थर्माकोलला लावला, तर दोन्हीकडून थर्माकोल बाहेर डोकावत होता. तुमचा लावला. चोख बसला. बसकं नाक, जाड पाठ. मुळाशी माझा मासा, टोकाला तुमचा. आणि मला हेही मान्य करायला लागतंय की ते शहाणपणाचं होतं. पंख मुळाशी बारीक राहिल्यानं वेग माझा राहिला आणि टोक जाड झाल्यानं ते पडायचं थांबलं. हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी कदाचित दोन शनिवार भांडले असते आणि तिसऱ्या शनिवारी मान्य केलं असतं. दोन शनिवार तुम्हाला एवढे जड झाले?

तशीच चांद्याला गेले. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. फर्मे त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. त्या खोटं बोलल्या नाहीत.

“तू दोन म्हयनं आली न्हाईस त्या वक्ताला रोज शेडच्या दारात बसायचे,” काकू म्हणाल्या. “मग म्हनले, आता पोरगी आली की भांडायचं न्हाई. हरली तर परत यायची न्हाई ती.” मग तांदळात बोट फिरवत म्हणाल्या, “आमाला कोन हाय दुसरं?”

हरल्यावर दोन महिने तोंड न दाखवणारी मीच. म्हणजे या सगळ्याची सुरुवात माझ्याकडून झाली, असं म्हणायला जागा आहे. म्हणते. पण मग माझंही ऐका. ज्या एका घरी मला कुणी समजुतीनं घेत नाही असं मला वाटत होतं, त्याच घरी मला सगळ्यात जास्त समजुतीनं घेतलं जात होतं. बाकीच्यांनी निदान ते माझ्या तोंडावर केलं. तुम्ही भांडण चालू ठेवलंत, इंजिनावरून, तेलावरून, चाकांवरून, आणि जिथे खरं भांडायचं होतं तिथे मला खाऊ देऊन गप्प केलंत. मी तिशी ओलांडलेली बाई आहे, नाना. मला हरवायला हवं होतं तुम्ही.

निघताना काकूंनी तुमचा रिमोट माझ्या हातात दिला. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे, म्हणाल्या. नको म्हणायचं होतं, पण घेतला.

रविवारी फर्मे आणि तो रिमोट घेऊन रिह्याला गेले. घोटावड्यावरून जाताना वाक्यं जुळवत होते. दादा, मी चुकले. दादा, पंख खराब होता. दादा, नानांनी. तिथे गाडी अडायची, कारण तुमच्यावर ढकललं की माझी चूक निम्मी होते आणि मला ती निम्मी करायची नव्हती. सोपान गोठ्यात होता. मी दोन्ही फर्मे काढून दाखवले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले, फर्मे घेतले, एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले.

“ठाव हाय मला,” तो म्हणाला.

मला समजलं नाही. मी पुन्हा सांगू लागले तर त्यानं हातानं थांबवलं.

“नाना आल्ते की हितं. विमान पडलं त्याच्या फुडच्याच आठवड्यात, गुडघा सुजलेला, यष्टीनं आले. म्हनले, सोपाना, तुजा हात सोन्यावानी हाय, पंखच वंगाळ हुता. नवा पंख कापून आनला हुता माज्यासाठी.”

मग उडवलं का नाही, असं मी विचारलं. तीन वर्षं का नाही?

“उडवलं आसतं तर तुमाला कळलं आसतं की, ताई. त्योच हात, न् विमान पडत न्हाई म्हनल्यावर तुमी वळखलं आसतं. नाना म्हनले, मग ती यायची बंद हुईल.” त्यानं खांदे उडवले. “मग ऱ्हाऊ दिलं.”

नाना, तुम्ही त्याच्यापाशी खरं बोललात. यष्टीनं जाऊन, सुजल्या गुडघ्यानं. म्हणजे खरं बोलता येत होतं तुम्हाला. फक्त माझ्याशी येत नव्हतं. आणि मी यायची बंद होऊ नये म्हणून तुम्ही एका भल्या माणसाला त्याच्याच शेताच्या बांधावर बसवून ठेवलंत, आणि तो बसला, कारण तुमचा शब्द. मला राखायला तुम्ही दुसऱ्याचं उडणं वापरलंत. असा जीव मला नको होता. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, नको.

सोपाननं माळ्यावरून खताच्या पिशव्यांत गुंडाळलेलं विमान खाली काढलं. तेच धड, त्याच काड्या, फुटलेल्या जागी नवीन जोड इतके नीट की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. आणि त्यावर तुमचा पंख, एकदाही न उडालेला. रिमोटच्या आणि विमानातल्या बॅटऱ्या मेल्या होत्या, त्या चार्ज व्हायला दुपार झाली. सोपानच्या बायकोनं आंबेमोहराचा भात आणि वालाची आमटी वाढली. मी जेवले, दोनदा भात घेतला. मग इंजिन चालू केलं आणि इंधनातल्या एरंडेलाचा, तुमच्या शेडमधला तो वास आला. तेव्हा कुठे मला तुमच्यासाठी रडू आलं. सोपान तुमच्या रिमोटच्या काड्या हलवून पाहत राहिला, जणू काही पाहिलंच नाही.

विमान चढलं. त्यानं ते उंच नेलं, इंजिन कमी केलं आणि नाक हळूहळू वर उचलत गेला. वेग संपत आला. मी दात आवळून टोकाकडे पाहत होते. आता पडेल, आता पडेल. पडलं नाही. विमानानं नाक सरळ खाली झुकवलं, दोन्ही पंख सारखे, आणि पुन्हा उडू लागलं. त्यानं विमान उलटं करून पुन्हा तेच केलं. तरी पडलं नाही. मग तीन वर्षं रिमोट न धरलेल्या हातांनी त्यानं ते माझ्या सगळ्या उतरण्यांपेक्षा सुंदर उतरवलं, पट्टीच्या बरोबर मधोमध.

मी हरले, नाना. लेखी देते. टोकाला जाड मासाच पाहिजे. तुम्हाला हे ऐकायचं होतं की नाही, मला माहीत नाही, आणि आता विचारता येत नाही. तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका. तुमच्या वाट्याचं अर्धं भांडण बाकी आहे आणि ते मला एकटीला करत बसावं लागणार आहे.

सोपान विमान उचलून माझ्यापाशी आला. रिमोट माझ्याकडे देताना त्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात, हसत नव्हता.

“हात जड हाय का ओ ताई माजा?”

“नाही दादा,” मी म्हणाले. “हात चांगला आहे तुमचा. पंख चुकीचा होता.”

एवढंच तर वाक्य होतं. तीन वर्षांपूर्वी, याच खाचरात, तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, नाना.